टँकरभर पाणी, वीस मिनिटांचा गीझर

उन्हाळ्यात सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. तो रिकामा होईपर्यंत सेक्रेटरी, वॉचमन आणि तळमजल्यावरचे एक काका त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत उभे असतात. समजा, हे सगळं पाणी नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर आहे, म्हणजे जमिनीपासून २७ मीटरांवर. तिथून ते पाइपातून खाली सोडलं आणि पाइपाच्या तोंडाशी उत्तमातलं उत्तम टर्बाइन बसवलं, तर वीज किती मिळेल?

पाऊण युनिटसुद्धा नाही. ०.६८ युनिट धरा. दोन किलोवॉटचा गीझर तेवढ्यावर वीस मिनिटं चालतो. एवढा टँकर ओतून एका माणसाची आंघोळ!

हिशोब शाळेतलाच आहे. पाण्याचं वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार करायचा, यंत्रात वाया जाणारा थोडा वाटा वजा करायचा. त्यातून एवढंच निघतं. पाण्यापासून वीज म्हटलं की आपल्याला ते फुकटचं घबाड वाटतं, पण पाण्याच्या एका थेंबात फारसा दम नसतो. मग एक तर उंची प्रचंड हवी, नाही तर पाणी प्रचंड हवं.

नॉर्वेच्या आग्नेय भागात, ओस्लोच्या खालच्या अंगाला, ग्लोमा नदीवर वाम्मा नावाचं एक जलविद्युत केंद्र आहे. त्यानं दुसरा रस्ता धरलाय. तिथं उंची आपल्या गच्चीएवढीच, २७ मीटरांच्या आसपास. पण तिथलं सगळ्यात नवं यंत्र एकटंच सेकंदाला ५०० घनमीटर पाणी गिळू शकतं. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दर सेकंदाला पन्नास टँकर. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत दोनेकशे टँकर त्यातून गेलेसुद्धा. पावसाळ्यात खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेकनं विसर्ग सुरू, अशा बातम्या वाचायची सवय असलेल्यांसाठी: हे साडेसतरा हजार क्युसेक झाले. एवढं पाणी गेलं की पुण्यात भिडे पूल कधीच पाण्याखाली गेलेला असतो. इथे तेवढं पाणी एका भोवऱ्यासारख्या यंत्रातून जातं आणि त्यातून सव्वाशे मेगावॉटच्या आसपास वीज निघते.

नॉर्वेची वीज म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. सरळसोट कडे, वर डोंगरात तळं, खाली फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खोल खाडीचं काळंशार पाणी आणि मध्ये पाचशे-हजार मीटरांची उडी. ते चित्र खोटं नाही. १९११ मध्ये र्‍यूकान गावाजवळ व्हेमोर्क केंद्र सुरू झालं, तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं होतं, आणि तिथं पाणी सुमारे ३०० मीटरांवरून खाली येत होतं. डोंगरातल्या तळ्यांना खालून, खडकाच्या पोटातून भोक पाडून पाणी काढायची विद्या या लोकांनी इतकी घोटली की तिची ओळख आपल्यालाही झाली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला स्फोट करून जे ‘लेक टॅपिंग’ केलं गेलं, ते तंत्र मुळात नॉर्वेचं.

वाम्मा मात्र त्या चित्रात बसत नाही. इथे ना कडा, ना तळं. आजूबाजूला सखल शेतजमीन आणि मधून रुंद, मातकट, सुस्त दिसणारी नदी. या केंद्रातली पहिली यंत्रं १९१५ साली फिरली. त्याच वर्षी आपल्याकडे टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज जायला लागली. दोन केंद्रं एकाच वयाची, पण स्वभावानं दोन टोकं. खोपोलीला लोणावळ्याच्या माथ्यावरून पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. आपला तोच टँकर तिथं ओतला तर बाराएक युनिट वीज देईल. म्हणून खोपोलीला थोडक्या पाण्यात भागतं, आणि म्हणूनच ते पाणी वर्षभर पुरवून पुरवून वापरायला वर वळवण, शिरवटा अशी धरणं बांधावी लागली. वाम्माला पुरवून वापरायचा प्रश्नच येत नाही. तिथं येईल ते पाणी येईल तेव्हा वापरायचं, नाही तर बघता बघता ते निघून जातं.

नॉर्वेत अशा केंद्राला ‘एल्व्हेक्राफ्टव्हेर्क’ म्हणतात. एल्व्ह म्हणजे नदी. सरळ भाषेत नदीवरचं केंद्र, साठ्यावरचं नव्हे. बांध असतो, पण तो पाणी साठवायला नसून पातळी उचलायला असतो. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं तसं थोडं तुंबतं, उंची मिळते, आणि वरून येणारं पाणी जवळपास त्याच क्षणी खालून निघून जातं. गंमत म्हणजे नॉर्वेजियन माणूस घरातल्या विजेला रोजच्या बोलण्यात ‘स्ट्रॉम’ म्हणतो, आणि नदीच्या ओढीलाही तोच शब्द. आपल्या ‘प्रवाहा’सारखंच. वाम्मापुरता तरी हा शब्दांचा खेळ राहत नाही. नदीचा प्रवाह वाढला की तारेतला वाढतो, नदीचा घटला की तारेतला घटतो.

ग्लोमा ही नॉर्वेतली सगळ्यात लांब नदी, सुमारे ६०० किलोमीटरची. र्‍योरूस या जुन्या तांब्याच्या खाणींच्या गावाजवळून ती निघते, दक्षिणेकडे उतरत उतरत फ्रेडरिकस्टाडला समुद्राला मिळते. तिचं पाणलोट क्षेत्र जवळपास ४२ हजार चौरस किलोमीटर, देशाच्या जमिनीचा आठवा हिस्सा. वाटेत तिला व्होर्मा नदी मिळते. व्होर्मा म्हणजे म्योसा या नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या सरोवराचं बाहेर पडणारं पाणी. मग ओयरेन नावाचं आणखी एक सरोवर लागतं. ओयरेनची पातळी समुद्रापेक्षा सुमारे १०० मीटर उंच. तिथून समुद्रापर्यंतच्या शंभर मीटरांचं त्या लोकांनी काय केलंय बघा. आधी सोलबर्गफॉस, त्याच्याखाली किक्केल्सरूड, मग वाम्मा आणि शेवटी सार्प्सबोर्ग शहरातला सार्प्सफॉसेन. चार ठिकाणं, प्रत्येकी वीस ते अठ्ठावीस मीटर. ‘फॉस’ म्हणजे धबधबा. नावात धबधबे उरले आहेत, नदीत आता चार पायऱ्या आहेत. ओयरेनमधून निघालेला टँकर समुद्रात पडायच्या आधी चार वेळा विकला जातो. उंचीचे मीटर इतक्या काटकसरीनं वाटून घेतलेली नदी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता खरी अडचण. नदी एका चालीनं वाहत नाही.

आपल्या नद्या जून-जुलैत फुगतात, कारण वर ढग असतात. ग्लोमा फुगते मे-जूनमध्ये, आणि तेव्हा आकाश निळंभोर असलं तरी ती फुगते. सहा महिने डोंगरावर साठलेला बर्फ वितळायला लागतो. आधी सखल भागातला, मग वरच्या डोंगरातला. दोन्ही एकदमच वितळले, आणि वर पाऊसही पडला, की पूर. १९९५ च्या जूनच्या सुरुवातीला असंच झालं. एल्व्हेरुमजवळ ग्लोमा सेकंदाला तीन हजार घनमीटरांच्याही वर गेली होती, म्हणजे लाखापेक्षा जास्त क्युसेक. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात पाणी डोंगरावर पांढरं होऊन बसलेलं असतं. नदी रोडावते. नेमक्या त्याच दिवसांत उणे पंधरा-वीस तापमानात नॉर्वेतली घरं विजेवर गरम करायची असतात. गरज जानेवारीत, पाणी मे महिन्यात.

डोंगरातल्या केंद्रांना याची काळजी नसते. ती जूनचं पाणी तळ्यात कोंडून जानेवारीत सोडतात. देशातल्या अशा सगळ्या जलाशयांत मिळून एवढं पाणी मावतं की त्यावर नॉर्वेची वर्षाची जवळजवळ ७० टक्के गरज भागावी. वाम्माच्या बांधामागे तसं काहीच नाही. पण वाम्मा पुरतं निराधारही नाही. वर म्योसा आहे. साडेतीनशेहून जास्त चौरस किलोमीटरच्या त्या सरोवराची पातळी नुसती एक मीटर वर-खाली केली, तरी पस्तीस-छत्तीस कोटी घनमीटर पाण्याचा फरक पडतो. ग्लोमा आणि लोगेन या दोन नद्यांवरच्या पाणी वापरणाऱ्यांची एक संघटना गेली शंभराहून जास्त वर्षं म्योसाच्या आणि वरच्या तळ्यांच्या दरवाजांचा कारभार बघते. किती पाणी कधी सोडायचं, सरोवराकाठच्या शेतकऱ्यांची शेतं कुठपर्यंत भिजलेली चालतील, पूर यायच्या आधी किती जागा रिकामी ठेवायची, यावर नियम आहेत आणि नियमांवर वादही आहेत. ‘वाहत्या पाण्यावरचं केंद्र’ हे शब्द ऐकायला निरागस वाटतात, पण त्या वाहत्या पाण्याला शेकडो किलोमीटर वरून कोणीतरी हळूच लगाम लावलेला असतो.

लगाम लावूनही चढउतार राहतातच. मग केंद्र बांधणाऱ्यापुढे पेच असा: यंत्रं किती मोठी घ्यायची? रोडावलेल्या नदीच्या मापानं घेतली, तर पुराच्या दिवसांत बहुतेक पाणी सांडव्यावरून फुकट जाणार. पुराच्या मापानं घेतली, तर दहा महिने ती अर्धपोटी राहणार, आणि अर्धपोटी टर्बाइन म्हणजे वाईट टर्बाइन.

हे शेवटचं जरा जवळून बघण्यासारखं आहे. १९१५ मध्ये वाम्माला बसवली ती फ्रान्सिस जातीची टर्बाइनं. यात पाणी बाहेरून, गोल फिरत, चाकाच्या मध्याकडे येतं आणि वळून खाली पडतं. चाकाच्या पात्यांची वळणं ठरलेली, ओतलेली, न हलणारी. एका ठराविक प्रवाहाला पाणी त्या वळणांवरून लोण्यासारखं सरकतं. प्रवाह निम्मा केला की पाण्याचा पात्यावर येण्याचा कोन बदलतो, ते पात्यावर आपटतं, मागे भोवरे उठतात आणि पाण्यातली ताकद त्या भोवऱ्यांतच जिरते. मापात शिवलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर बसावा, तसं. वाम्मावाल्यांनी यावर साधा तोडगा काढला: एक अगडबंब यंत्र न घेता लहान लहान अनेक घ्यायची. १९४४ पर्यंत अशी दहा बसली. नदी वाढली की आणखी एक सुरू करायचं, उतरली की एक बंद करायचं, म्हणजे जे चालू असेल ते भरल्या पोटी चाललं पाहिजे. जिन्याच्या पायऱ्यांसारखी वीज वर-खाली व्हायची.

दरम्यान ब्रनो शहरात व्हिक्टर काप्लान नावाचा ऑस्ट्रियन प्राध्यापक वेगळ्याच गोष्टीच्या नादी लागला होता. त्याचं म्हणणं, पाती चाकाला घट्ट कशाला जोडायची? जहाजाच्या पंख्यासारखं चाक करा आणि प्रत्येक पातं आपल्या दांड्याभोवती वळेल असं बसवा. पाणी कमी असेल तर पाती आडवी होतील, जास्त असेल तर उभी. बाहेरच्या बाजूला पाण्याला वळण देणाऱ्या झडपा असतात, त्या आणि ही पाती यांची जोडी जमवून दिली की कमी पाण्यातही टर्बाइन चांगलं चालतं. सांगायला सोपं आहे. करायला मात्र चाकाच्या मधल्या गाभ्यात, पाण्याखाली, फिरत्या यंत्राच्या पोटात, टनावारी वजनाची पाती तेलाच्या दाबानं वळवणारी यंत्रणा कोंबावी लागते, आणि तेल बाहेर गळता कामा नये. पेटंटं पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झाली. मोठं काप्लान यंत्र चालतं हे स्वीडनमधल्या लीला एडेटनं १९२० च्या दशकाच्या मध्यावर दाखवलं. वाम्माला तोवर दहा वर्षं होऊन गेली होती.

म्हणून वाम्माची यंत्रं म्हणजे टर्बाइनच्या इतिहासाची उजळणी आहे. आधी दहा फ्रान्सिस. मग १९७१ मध्ये अकरावं, ते काप्लान, आणि आकारानं आधीच्या दहांना लाजवणारं. आणि २०१९ मध्ये बारावं, ज्याला सगळे ‘वाम्मा १२’ म्हणतात. हेही काप्लान. मे महिन्याचं जे पाणी आजवर दरवाजांवरून सोडून द्यावं लागत होतं त्यातलं बरंच आता याच्यातून जातं, आणि म्हाताऱ्या यंत्रांच्या वाटचं पाणीही हे जास्त चांगलं पिळून घेतं. नवीन धरण नाही, नवीन बुडित क्षेत्र नाही, एक झाडही जास्तीचं पाण्याखाली गेलं नाही. तरी वर्षाला सुमारे २३ कोटी युनिट जास्त वीज. सगळं मिळून वाम्मा आता वर्षाकाठी दीडशे कोटी युनिटांच्या घरात आहे, आणि वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या नॉर्वेतल्या केंद्रांमध्ये सगळ्यात मोठं. जुनं केंद्र नव्यानं सजवणं हे नवं धरण बांधण्याइतकं दिमाखदार नसतं, फीत कापायला मजा येत नाही. पण मला विचाराल तर जलविद्युतेतली सगळ्यात शहाणी गुंतवणूक बहुतेक वेळा हीच असते.

एक गोष्ट इथे सहज सुटून जाते. एवढं पाणी पिणारं यंत्र फिरतं मात्र हळू. उंची कमी म्हणजे पाण्याचा वेग कमी, चाकाचा व्यास मोठा, मिनिटाला शंभरेक फेरे. घरातला पंखा याच्या तिप्पट फिरतो. पण तारेतल्या विजेला सेकंदाला पन्नास आवर्तनं हवीत, तिथंही आणि आपल्याकडेही. मग करायचं काय? जनित्राच्या फिरत्या चाकावर चुंबकांचे ध्रुव वाढवायचे. मिनिटाला बरोबर १०० फेरे असतील तर ६० ध्रुव लागतात. म्हणून असल्या केंद्रांची जनित्रं उंच नसून रुंद असतात, लग्नाच्या मांडवासारखी पसरलेली, आणि त्यांचं फिरतं वजन शेकडो टनांचं. या वजनाचा एक फायदा आहे. ग्रिडमध्ये दूर कुठे मोठा बिघाड झाला, तर हा जडशीळ भोवरा पहिले काही सेकंद आपल्या गतीच्या जोरावर ग्रिडला सावरून धरतो. सौरपटलाला हे आपसूक जमत नाही.

आता एक उलटी गोष्ट. भरपूर पूर आला की नदीवरच्या केंद्राची चंगळ होत असेल असं वाटतं ना? होते, पण एका हद्दीपर्यंत. यंत्रं पूर्ण भरली की वरचं पाणी दरवाजांवरून सोडावं लागतं, हे तर उघडच. शिवाय ते सोडलेलं पाणी बांधाच्या खालच्या अंगाला जाऊन तिथली पातळी चढवतं. वरची पातळी तेवढीच, खालची वर आलेली. मधली उंचीच आटली! दहा मीटर उंचीच्या लहान केंद्रात खालचं पाणी तीन मीटर चढलं, तर तीस टक्के उंची गेली. नदी दुथडी भरून वाहते आहे आणि वीज मात्र घटली आहे. आपल्या टँकरचं पाणी नवव्या मजल्याऐवजी सहाव्यावरून ओतल्यासारखं. डोंगरातल्या पाचशे मीटरच्या केंद्राला हे तीन मीटर जाणवतही नाहीत.

खालच्या पातळीचं आणखी एक दुखणं असतं. पात्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब फार उतरला तर तिथं पाणी उकळतं. चक्क उकळतं, चार-पाच अंश तापमानाला. वाफेचे बारीक बुडबुडे होतात, पुढे दाबाच्या जागी गेले की फुटतात, आणि प्रत्येक फुटणं म्हणजे पोलादावर सुईच्या टोकाएवढा हातोडा. असे कोट्यवधी हातोडे पडले की चकचकीत पातं मधाच्या पोळ्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं होतं. आवाज येतो तो पाइपातून खडी वाहत असल्यासारखा. यावर उपाय म्हणून काप्लानचं चाक खालच्या पाण्याच्याही पातळीखाली, खोल खड्ड्यात बसवतात, म्हणजे वरून पाण्याचा दाब राहतो. बांधकामाचा खर्च त्या खड्ड्यात जातो म्हणतात ते खरं आहे.

आपल्याकडच्या केंद्रांना न भेडसावणारा एक शत्रू मात्र ग्लोमावर आहे. बर्फ. मोठाले हिमखंड येऊन आदळतात असं तुम्हाला वाटेल. त्यांचाही त्रास असतो, पण ते निदान दिसतात. खरा चोर दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरातली रात्र. आकाश निरभ्र, वारा बोचरा, नदी अजून वरून गोठलेली नाही. उघडं पाणी आकाशाकडे उष्णता फेकत राहतं आणि शून्य अंशाच्याही खाली जातं. फार नाही, एका अंशाच्या काही शतांश भागांइतकंच. पण वाहत्या, घुसळणाऱ्या पाण्याला वर साय धरायला उसंत मिळत नाही, म्हणून बर्फ पाण्याच्या आतच धरतो. साखरेच्या दाण्याएवढे पातळ चकतीसारखे स्फटिक, अब्जावधी. नॉर्वेजियन भाषेत याला ‘सार’ म्हणतात. हे स्फटिक तयार होत असतानाच्या घटकेला भयंकर चिकट असतात. दगड, लाकूड, लोखंड, जे भेटेल त्याला चिकटतात.

आणि केंद्राच्या तोंडाशी लोखंडच असतं. ओंडके, फांद्या, कचरा आत जाऊ नये म्हणून उभ्या गजांची मोठी जाळी असते. त्या गजांना सार चिकटायला लागला की एका गजावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि दोन गजांमधली फट बुजायला काही तास पुरे. संध्याकाळी वाहणारं तोंड पहाटे बंद. पलीकडे नदी तशीच वाहते आहे आणि यंत्राला पाणी नाही! पूर्वी माणसं रात्रभर दांड्यांनी तो लगदा खरवडत. काही ठिकाणी गजांतून वीज खेळवून ते कोमट ठेवतात. पाण्यापेक्षा गज एका अंशाच्या थोड्याशा भागाइतके जरी गरम असले तरी सार चिकटत नाही. पण सगळ्यात नामी उपाय नदीकडूनच करून घेतात. हिवाळ्याच्या तोंडाशी काही दिवस पाणी संथ आणि एकसारखं सोडायचं, यंत्रांची चढउतार करायची नाही, आणि नदीला वरून शांतपणे गोठू द्यायचं. एकदा का वर बर्फाचं झाकण बसलं की खालच्या पाण्याची उष्णता आकाशाकडे जात नाही, ते शून्याखाली उतरत नाही आणि सार धरत नाही. जाड बर्फाखालून नदी निवांत वाहते. विजेचा भाव चढलेला असतानाही त्या दिवसांत यंत्रं मंद ठेवायला छाती लागते, पण बर्फाचं झाकण फुटलं तर पुढचा सगळा महिना खरवडण्यात जातो.

नदीत बाकीचेही होतेच. ग्लोमावरून डोंगरातल्या जंगलांची लाकडं शतकानुशतकं वाहत खाली यायची, कागदाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांकडे. केंद्रं बांधताना ओंडक्यांना खाली उतरायला वेगळी वाट ठेवावी लागे. १९८५ मध्ये ती वाहतूक कायमची थांबली. माशांचं मात्र तसं थांबवता येत नाही. ट्राउट आणि ग्रेलिंग यांना वर चढायला पायऱ्यापायऱ्यांच्या वाटा करून दिल्या जातात. अंडी घालायला समुद्राकडे उतरणाऱ्या वाम माशाची गोष्ट अवघड. तो लांबलचक, तळातून जाणारा, प्रवाहाच्या ओढीबरोबर सरळ टर्बाइनच्या तोंडात शिरतो. जाळीतल्या फटी त्याच्यासाठी बारीक कराव्यात, तर सार आणि कचरा जास्त अडकतो. वाहत्या पाण्याच्या विजेला ‘निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांनी वाम माशाचं मत घेतलेलं नाही.

आणि धोका? मोठ्या धरणाचा धोका आपण जाणतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यावर जे आलं ते साठवलेलं पाणी होतं. नदीवरच्या केंद्राचा धोका वेगळ्या जातीचा असतो. तिथं साठा थोडा, त्यामुळे बांध गेला तरी कोसळणारी लाट तुलनेनं लहान. पण साठा थोडा असल्यामुळेच चुकीला वेळही थोडा. समजा, ५०० घनमीटर पाणी पिणारं यंत्र वीजवाहिनीतल्या बिघाडानं अचानक बंद पडलं. नदीला ते ठाऊक नसतं, ती येतच राहते. बांधामागे एक चौरस किलोमीटरचं तळं असेल तर पाणी मिनिटाला तीन सेंटिमीटर चढतं, तासाला जवळजवळ दोन मीटर. तेवढ्या वेळात सांडव्याचे दरवाजे उघडले गेलेच पाहिजेत. मध्यरात्री, वादळात, वीज गेलेली असताना सुद्धा.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हान्स’ नावाचं वादळ दक्षिण नॉर्वेवर दोन-तीन दिवस कोसळत राहिलं. ग्लोमावरच, वाम्मापासून बरंच वर, एल्व्हेरुमच्या खाली ब्रास्केरेइडफॉस नावाचं केंद्र आहे. उंची वाम्माच्या निम्म्यापेक्षाही कमी. पाणी चढलं की तिथले दरवाजे आपोआप उघडायचे होते. ते उघडले नाहीत. नदी बांधाच्या वरून वाहू लागली, यंत्रघरात पाणी शिरलं, आणि आत शिरलेल्या पाण्यामुळे दरवाजे उघडायला तिथं पोचणंही अशक्य झालं. खालच्या गावांतली माणसं हलवली गेली. बांधाचा एक भाग मुद्दाम सुरुंग लावून उडवावा का, याचा विचार पोलिसांनी सुरू केला होता. ९ ऑगस्टच्या दुपारी तो प्रश्न नदीनंच सोडवला आणि बांधाचा एक भाग वाहून गेला. खाली पानशेतसारखं काही झालं नाही. नदी आधीच एवढी फुगलेली होती की बांधामागचं थोडं पाणी तिच्यात जाऊन मिसळलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत केंद्राच्या इमारतीशेजारून तपकिरी पाणी मोकळं धावताना दिसत होतं. सेकंदाला शेकडो टँकर, आणि वीज शून्य युनिट.